घरपट्टीची नोटीस, खळ्यातला मांडव आणि पाच मिनिटांची सुनावणी

आमच्या नगरपरिषदेने २०२४ मध्ये चतुर्वार्षिक (दर चार वर्षांनी होणारी) फेरआकारणी केली आणि आमची वर्षाची घरपट्टी १,१८० रुपयांवरून ७,११२ वर नेऊन ठेवली. मार्च २०२५ मध्ये ती २,४४० वर उतरली. मधल्या काळात काय काय करावं लागलं ते लिहून ठेवते आहे. शोधायला बसले तेव्हा मोठ्या शहरांतल्या फ्लॅटबद्दल हवी तेवढी माहिती मिळाली, पण पडवी, मांगर (घरामागची सामान ठेवायची खोपी) आणि खळं (घरापुढचं सारवलेलं अंगण) असलेल्या घरवाल्याने काय करायचं, हे कुठेच सापडलं नव्हतं.

गावाचं नाव लिहीत नाही. सिंधुदुर्गात किनाऱ्याला लागून असलेलं, शहर म्हणवून घेणारं एक गाव, एवढं पुरे. वाडीतल्या काही जणांची अपिलं अजून चालू आहेत आणि कार्यालयातली माणसं रोज मासळीबाजारात भेटतात.

सुरुवात फेब्रुवारी २०२४ ची. मोजणीचं काम खाजगी एजन्सीला दिलेलं होतं. हातात टॅब आणि लेझरचं मोजयंत्र घेतलेले दोन मुलगे आले. मी कामावर होते. सासूबाईंनी त्यांना कोकमाचं सरबत दिलं, त्यांनी सासूबाईंची टॅबवर सही घेतली, दाराच्या चौकटीवर एक क्रमांक चिकटवला आणि ते पुढच्या घराकडे गेले. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. तुमच्याकडे अशी माणसं यायची असतील तर त्यांच्यासोबत फिरा, टॅबमध्ये काय भरलं ते दाखवायला सांगा आणि त्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नाही म्हणत नाहीत, मी नंतर विचारलं होतं.

पुढे एप्रिल-मे लोकसभेत गेले. नोटीस आली ती ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, नगरपरिषदेच्या शिपायाच्या हातून. तारीख २१ ऑगस्ट २०२४, खाली १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाचं कलम ११९, आणि हरकत असल्यास ३० दिवसांत लेखी कळवा, असा मजकूर. दिवस नोटीस हातात पडल्यापासून मोजायचे की छापलेल्या तारखेपासून, हे मी लगेच विचारून घेतलं. सगळ्यांना २० सप्टेंबर हीच शेवटची तारीख, असं उत्तर मिळालं. चतुर्थी ७ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी १७ ला. म्हणजे घराला रंग, माटोळी, पाहुणे, भजनं आणि हरकत, सगळं एकाच पंधरवड्यात.

नोटीस आजेसासऱ्यांच्या नावाने होती. त्यांना जाऊन तीस वर्षं होऊन गेली. कोकणात हे घरोघरी असतं, घाबरू नका. वारसांपैकी कुणीही हरकत घेऊ शकतो. नाव बदलण्याचं काम वेगळं, त्याला वारसांचे कागद वेगळे लागतात. ते आणि हे एकत्र केलंत की दोन्ही अडकतात. आणि आकारणी उताऱ्यावर नाव आहे म्हणून कुणी मालक होत नाही किंवा नाही म्हणून कुणाचा हक्क जात नाही, हे मुंबईच्या भाऊबंदांना फोनवर आधीच नीट सांगा. नाहीतर घरपट्टी राहते बाजूला आणि वाटणीचा विषय निघतो.

एरवी असं काही आलं की माणूस नगरसेवकाकडे जातो. आमच्याकडे २०२१ च्या अखेरीस मुदत संपली आणि तेव्हापासून प्रशासक. माजी नगरसेवक भेटले, हळहळले, "आता आमच्या हातात काय हाय?" म्हणाले. मग थेट कर विभागात गेले.

तिथल्या लिपिक मॅडमनी आकारणी यादी समोर ठेवली. ही यादी बघायला पैसे पडत नाहीत, अर्जही लागत नाही. पण यादीत फक्त शेवटचा आकडा असतो. तो कसा आला ते मोजणी तक्त्यात असतं. तक्ता मागितल्यावर आधी उत्तर आलं की माहिती अधिकारात अर्ज करा. माहिती अधिकाराला माझी ना नाही, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं की झालं. पण त्यांना उत्तराला ३० दिवस असतात आणि आमच्या हरकतीची मुदत त्याआधी संपत होती. हे मी त्यांना शांतपणे सांगितलं आणि तिथेच साध्या कागदावर 'माझ्या मालमत्तेच्या मोजणी तक्त्याची नक्कल हरकतीसाठी मिळावी' असं लिहून दिलं. त्यांनी साहेबांना विचारलं. दुसऱ्या दिवशी नक्कल मिळाली.

सगळी गोम त्या तक्त्यात होती. आमचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, वर मंगलोरी कौलं. जुन्या नोंदीत ७४ चौरस मीटर. नव्या तक्त्यात निवासी ११२ आणि बिगरनिवासी १९. बांधकामाचा प्रकार 'आरसीसी'. न्हाणीघरावर सासऱ्यांनी चार पावलांचा स्लॅब घातला होता, त्याने अख्खं घर आरसीसी झालं! जादाचे ३८ मीटर म्हणजे पुढचे पत्रे १२ आणि खळ्यातला मांडव २६. मोजणी फेब्रुवारीत झाली, तेव्हा सुपारी वाळत होती आणि वर झापांचा, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा, मांडव होता. तक्त्यात त्याचं नाव 'शेड'. मागचा मांगर झाला 'गोदाम', कारण आत नारळांचा ढीग होता. आता मांगरात नारळ नाही ठेवायचे तर काय ठेवायचं?

सासूबाईंना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "खळ्याक पट्टी खंय असता गो? उद्या तुळशीक पण लावतले."

हिशेब कसा होतो ते एकदा बघून घ्या, अवघड नाही. वर्षाचं अपेक्षित भाडं काढतात: क्षेत्र गुणिले दरमहा दर गुणिले बारा. दर ठरतो तीन गोष्टींवर, म्हणजे घर कुठल्या विभागात आहे, बांधकाम कसलं आहे आणि वापर काय आहे. आमच्या विभागात आरसीसी निवासीला १६ रुपये आणि बिगरनिवासीला ३२ होते. त्याचे झाले २८,८००. यातून दुरुस्तीखातर १० टक्के वजा करतात. उरलेले २५,९२० हे करयोग्य मूल्य, आणि त्यावर टक्केवारीने सगळे कर. म्हणजे 'पट्टी फार वाढली' असं नुसतं म्हणून काही होत नाही. क्षेत्र, प्रकार, वापर या तिन्हींपैकी काय चुकीचं भरलंय तेवढंच दाखवायचं.

एक खूण सांगते, ती मला लिपिक मॅडमनीच दाखवली. नोटिशीत रोजगार हमी कराच्या रकान्यात आकडा आहे का बघा. हा कर राहत्या घराला नसतो, बिगरनिवासी वापराला असतो. तुमच्या राहत्या घराच्या नोटिशीत तिथे शून्य नसेल, तर तुमची पडवी नाहीतर मांगर कुठेतरी दुकान किंवा गोदाम म्हणून बसलाय हे नक्की. वाडीतल्या नोटिसा आम्ही याच रकान्यापासून तपासायला घेतल्या.

वाडीची बैठक देवळाच्या सभामंडपात झाली, चतुर्थीच्या आधीच्या रविवारी. माणसं भरपूर, बोलणारी त्याहून भरपूर. एका दादांचं म्हणणं, मोर्चा काढायचा. दुसऱ्यांचं, पालकमंत्र्यांना भेटायचं. बऱ्याच जणांना वाटत होतं की सगळ्यांच्या सह्यांचं एक निवेदन दिलं की झालं. माझा आणि एका निवृत्त तलाठी काकांचा त्याला विरोध होता. म्हणजे निवेदनाला नाही, 'झालं' या शब्दाला. निवेदनाची पोच मिळते, ते फाइलला लागतं, पण सुनावणीला नाव पुकारतात ते मालमत्ता क्रमांकाने. ज्या क्रमांकावर लेखी हरकत नाही, त्याची आकारणी मान्य आहे असं धरून यादी कायम होते. काकांनी हे मालवणीत, दोन खास शब्द घालून सांगितलं तेव्हा पटलं.

मग दोन्ही केलं. निवेदन प्रशासकांकडे, त्यात तीनच मागण्या: मोजणी तक्त्याची नक्कल मागेल त्याला द्यावी, चाकरमानी गावात आहेत तोवर शनिवारीही हरकती घ्याव्यात, आणि सुनावणीची तारीख निदान आठवडाभर आधी कळवावी. पहिल्या दोन मान्य झाल्या. मोर्चा निघाला असता तर वर्तमानपत्रात फोटो आला असता. शनिवारी खिडकी उघडी राहणं आमच्या जास्त उपयोगाचं होतं, असं माझं मत अजूनही आहे. दादांना ते पटलेलं नाही.

बाजारात एक जण हरकत लिहून द्यायचे घरामागे ५०० रुपये घेत होता. त्याचा छापील नमुना बघितला. 'सदर करवाढ अन्यायकारक असून ती रद्द व्हावी', एवढंच. क्षेत्राचा पत्ता नाही, वापराचा नाही. असल्या कागदावर पैसे घालवू नका. आमची हरकत एका पानाची होती आणि भाषा साधी. वर मालमत्ता क्रमांक, नोटिशीचा क्रमांक आणि तारीख. मग मुद्दे असे:

'१. घर चिऱ्याचे व कौलारू असून फक्त न्हाणीघरावर स्लॅब आहे. बांधकामाचा प्रकार दुरुस्त करावा. २. खळ्यातील २६ चौ.मी. हे बांधकाम नसून बांबू व झापांचा हंगामी मांडव आहे, तो पावसाळ्यात काढला जातो. ३. मांगराचा वापर घरगुती असून तेथे कोणताही व्यवसाय नाही. ४. प्रत्यक्ष स्थळपाहणी करून आकारणी करावी व मला समक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी.'

चौथा मुद्दा विसरू नका. खरं काम त्याने होतं.

पुढचे १२ मीटर पत्रे मी हरकतीत घेतले नाहीत. ते लोखंडी खांबांवर कायमचे आहेत, वर्षभर खाली स्कूटर असते. ते नाकारले असते तर बाकीच्यावर कोण विश्वास ठेवणार?

पुराव्याला फोटो. इथे पावसाने आमचं काम केलं. सप्टेंबरात खळं उघडं होतं, शेवाळ धरलेलं, मांडवाचा बांबूही नाही. तारीख-वेळ उमटणारे फोटो काढून शहरातल्या स्टुडिओत छापून घेतले. सोबत जुनी आकारणी, चालू वर्षाची भरलेली पावती आणि वीज बिल. मांगराला वेगळा मीटर नाही हे दाखवायला ते बिल चांगलं पडतं. चुलतदीर डोंबिवलीहून आणि नालासोपाऱ्याहून गणपतीला आलेच होते, त्यांच्याकडून साध्या कागदावर 'आमच्या वतीने यांना म्हणणे मांडण्यास संमती आहे' असं लिहून सह्या घेतल्या. आरती आणि जेवणाच्या मधे, ओटीवर बसून. स्टॅम्प पेपर लागला नाही, वकीलही नाही. झेरॉक्स आणि फोटो मिळून अडीचशेच्या आसपास खर्च आला. रजा पडल्या त्या वेगळ्या.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ सप्टेंबरला हरकत दिली. दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, मागे कितीही रांग असली तरी.

मग शांतता. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान, अर्धा कर विभाग त्या कामाला. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, खळं सारवून पुन्हा मांडव उभा राहिला. या काळात वाडीत दोन अफवा फिरल्या: फेरआकारणी रद्द झाली, आणि हरकत घेणाऱ्यांची पाणी जोडणी तोडणार. दोन्ही खोट्या. पट्टी भरायची की थांबायचं, हा प्रश्न मात्र खरा होता. नवी यादी कायम होईपर्यंत जुन्या मागणीप्रमाणे भरा, असं विभागात सांगितलं, आणि आम्ही भरली. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती बसते. भांडत बसून ती वाढवण्यात शहाणपण नाही.

सुनावणीचं पत्र जानेवारीत आलं, १६ जानेवारी २०२५, सकाळी ११, नगरपरिषदेचं सभागृह. हातात दिवस मिळाले चार. नगररचना विभागाचे प्राधिकृत मूल्य निर्धारण अधिकारी समोर, बाजूला कर निरीक्षक, लॅपटॉपवर एजन्सीचा माणूस. ज्या खुर्च्यांवर एरवी नगरसेवक बसतात तिथे आम्ही, पिशव्या मांडीवर घेऊन. आदल्या रात्री मला झोप नव्हती. वय चाळिशीच्या पुढे, रोज चार लोकांशी बोलण्याचं काम, तरी साहेबासमोर उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतोच.

दुपारी दीडला नाव पुकारलं. जास्तीत जास्त पाच मिनिटं मिळाली असतील. माझ्या आधीचे एक आजोबा गटाराबद्दल, बंद दिव्यांबद्दल बोलत राहिले. सगळं खरं होतं. पण अधिकाऱ्यांनी दोनदा "मोजणीबद्दल काही?" विचारलं आणि पुढचं नाव घेतलं. गटाराचं बोलायला ती जागा नाही, हे तिथे बसल्यावर कळतं. मी सरळ तक्ता समोर ठेवला.

"मांडव कायम नाही कशावरून?"

सप्टेंबरचे फोटो दिले. त्यांनी फोन मागितला, फोटोची तारीख त्यावर पाहिली.

"आणि आता?"

"आता आहे, साहेब. सुपारी आहे ना वाळत."

ते हसले, पण लिहिलं 'स्थळपाहणी करावी'. मला तेवढंच हवं होतं. पुढे काही बोलायला गेले नाही.

पाहणीला कर निरीक्षक आणि एक शिपाई जानेवारीच्या शेवटी आले. आता गंमत अशी की त्यांच्या समोर मांडव उभा होताच, झकास, नव्या झापांचा. सासूबाईंनी निरीक्षकांना खांब हलवून दाखवला. खरोखर हलवला, वरचा झाप त्यांच्या खांद्यावर आला. मांगरात शेणी, फाटी, मोडका पाळणा आणि नारळ. निरीक्षकांनी टेपने मोजलं, न्हाणीघराचा स्लॅब वेगळा लिहिला आणि पाहणीच्या कागदावर माझी सही घेण्याआधी स्वतः वाचून दाखवलं. चांगला माणूस. वाडीत पाहणी झाली ती मागितलेल्यांकडेच.

आदेश मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. प्रकार चिरा-कौलारू, दर ९ रुपये, क्षेत्र ८६, म्हणजे जुने ७४ आणि पत्र्यांचे १२. मांगर घरगुती, ५ रुपये दराने. मांडव वगळला. करयोग्य मूल्य ९,३८५. पट्टी तरीही पहिल्यापेक्षा दुपटीने वाढली, पण दर सगळ्यांचेच वाढले होते आणि त्यावर माझी हरकत नव्हती. कचऱ्याची गाडी रोज येते, तिला डिझेल लागतं.

सगळ्यांचं असं झालं नाही. ज्यांनी पडवीत खरंच दुकान काढलंय किंवा वरच्या खोल्या पर्यटकांना देतात, त्यांची बिगरनिवासी आकारणी कायम राहिली, ती राहायलाच हवी होती. पण बंद घरांचं वाईट झालं. मालक मुंबईत, नोटीस दाराला चिकटवलेली, हरकत नाही. एका काकूंचे यजमान फौजेत होते. माजी सैनिकांना आणि त्यांच्या पत्नींना पट्टीत सवलत मिळते, हे त्यांना सुनावणीच्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या कळलं; त्यांचा अर्ज आता वेगळा चालू आहे. चौघे अपिलात गेलेत. तिथे मागणीची रक्कम आधी भरा असं त्यांना सांगण्यात आलं, त्यामुळे आणखी दोघे मागे फिरले.

आदेश हातात पडला की काम संपलं असं धरू नका. जूनमध्ये आलेल्या बिलावर आमचा मांगर पुन्हा गोदाम होता. संगणकात दुरुस्ती झालेलीच नव्हती. आदेशाची झेरॉक्स आणि हरकतीची पोच घेऊन गेले, त्याच लिपिक मॅडमनी दहा मिनिटांत बिल बदलून दिलं आणि म्हणाल्या, "वाडीतल्या बाकीच्यांनाही सांगा, आदेश घेऊन या." सांगितलं. बरेच जण तोवर चुकीचं बिल भरून मोकळे झाले होते; जादा भरलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या बिलात वळती करून घ्यायला त्यांना पुन्हा अर्ज करावा लागला.

२ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदेचं मतदान झालं, निकाल लागला २१ ला. त्याआधी उमेदवार वाडीत आले तेव्हा तलाठी काकांनी प्रत्येकाला एकच विचारलं: मोजणी तक्त्याची नक्कल नोटिशीसोबतच देण्याचा ठराव मांडणार का? सगळे हो म्हणाले. आमच्या प्रभागातून निवडून आलेल्या बाईंकडे हे लेखी देऊन ठेवलंय, पोच घेतली आहे. पुढची फेरआकारणी २०२८ च्या सुमाराला येईल, तेव्हा ठराव झाला की नाही ते बघूच. हरकतीचा मसुदा कुणाला हवा असेल तर वर दिलाय तोच वापरा. फक्त तुमच्या मांगरात काय आहे ते तुमचं तुम्ही लिहा.